खरेदीखतावरचा एक टक्का



अध्यक्षाने दोन्ही बाजू ऐकून शेवटी मधला सूर लावावा, अशी आपल्याकडे रीत आहे. आज मी ती मोडणार आहे. शिरूर कासार तालुक्याच्या विकासासाठी जमीन आणि घरांच्या खरेदी-विक्रीवर आणखी स्थानिक अधिभार घ्यावा, असा विचार मांडला जातो. त्याला माझा विरोध आहे आणि तो टक्केवारीपुरता नाही. आज वसूल होणारा एक टक्काही टप्प्याटप्प्याने गेला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. जमीन कोणाकडे किती आहे, यावर कर जरूर घ्या. ती हातोहात जाताना तिच्या कागदावर घेऊ नका.

आधी हा टक्का आला कुठून ते पाहू. नगरपंचायतीच्या हद्दीत १९६५ च्या नगरपरिषद कायद्याखाली आणि हद्दीबाहेर १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्याखाली मुद्रांक शुल्कावर एक टक्का जादा घेतला जातो. ग्रामीण भागातला निम्मा जिल्हा परिषदेला, निम्मा ग्रामपंचायतीला. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. महानगरपालिकांचा एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला पण त्याच्या नावाने दस्तावर चढवलेला एक टक्का मात्र तसाच राहिला. १ एप्रिल २०२२ पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथे मेट्रोसाठी आणखी एक टक्का लागू झाला. कुठलाही खड्डा पडला की तो दस्ताच्या पैशाने बुजवायचा, ही राज्याची सवय झाली आहे. कारणही उघड आहे. दुय्यम निबंधकासमोर उभा असलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. पैसे भरल्याशिवाय त्याचा कागद होत नाही. वसुली सोपी आहे म्हणून कर न्याय्य ठरत नाही.

आता या कराने काय बिघडते ते सांगतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री नोंदवावीच लागते. न नोंदवलेल्या कागदाने मालकी मिळत नाही. तरीही आपल्या तालुक्यात बाँडवर लिहिलेले, नोटरीचा शिक्का मारलेले, इसार पावतीवर थांबलेले व्यवहार कमी नाहीत. पैसे दिले, ताबा घेतला, पेरणीही झाली. सातबारावर मात्र जुनेच नाव. त्याला तुकडेबंदी कारण आहे, भाऊबंदकी कारण आहे, आणि कागदाचा खर्च हेही मोठे कारण आहे. त्याची किंमत कळते ती संकटात. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, पिके गेली, माती खरडून गेली. मदत जाते ती सातबारावरच्या नावाच्या खात्यात. पीककर्ज त्याच नावाला, पीकविमा त्याच नावाला. बाँडवर जमीन घेतलेला कष्टकरी या सगळ्यातून बाहेर राहतो. नोंदणी महाग करणारा प्रत्येक टक्का अशा माणसांची संख्या वाढवतो.

हा माझा एकट्याचा तर्क असता तर मी इतक्या ठामपणे बोललो नसतो. राज्य सरकारने हे स्वतःच्या निर्णयांतून कबूल केले आहे. बारा वर्षांपासून एकमेकांच्या जमिनी कसणाऱ्या शेतकऱ्यांचे वाद मिटावेत म्हणून २०२३ मध्ये सलोखा योजना आली. त्यात मुद्रांक शुल्क हजार रुपये आणि नोंदणी फी हजार रुपये, बाकी माफ. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुद्रांक शुल्कात सवलत देणारी अभय योजना निघाली, ती १९८० पासून २०२० पर्यंतच्या दस्तांसाठी. चाळीस वर्षांचे कमी मुद्रांकाचे कागद लोकांच्या पेट्यांत पडून असतील, तर दोष फक्त लोकांचा कसा? २०२४ मध्ये मराठवाड्यातल्या मदतमाश इनाम जमिनी नियमित करण्याचा नजराणा बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. २०२५ च्या मे महिन्यात शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ झाली. प्रत्येक वेळी निष्कर्ष एकच निघाला: आकार जड असला की लोक सरकारी दप्तराकडे फिरकत नाहीत. मग तालुक्याच्या पातळीवर उलटी पावले कशासाठी?

"एक टक्क्याने कोणाचे काय बिघडते, आणि तो तर घेणारा भरतो," असा पहिला आक्षेप आहे. चलन घेणाऱ्याच्या नावाने फाटते, हे खरे. पण सौदा ठरतानाच कागदाचा खर्च धरला जातो आणि भाव तेवढा पाडून मागितला जातो. कॅनडातल्या टोरांटो शहराने २००८ च्या फेब्रुवारीत नेमका असाच स्थानिक हस्तांतरण कर लावला. अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा सरासरी १.१ टक्क्याच्या करामुळे घरांचे व्यवहार सुमारे १५ टक्क्यांनी घटल्याचे आणि किमती जवळजवळ कराइतक्याच उतरल्याचे दिसले. म्हणजे भार विकणाऱ्यावर गेला. आपल्याकडे विकणारा कोण असतो? दवाखान्यासाठी, लग्नासाठी, सावकाराचे देणे फेडण्यासाठी, दुष्काळात उचल फिटली नाही म्हणून एक-दोन एकर काढणारा. दहा लाखांच्या व्यवहारात एक टक्का म्हणजे दहा हजार रुपये, आणि ते त्याच्या सर्वांत वाईट दिवशी जातात.

आपल्याच राज्याचा दाखला हवा असेल तर १ सप्टेंबर २०२० पासूनचे महिने आठवा. शुल्कात डिसेंबरअखेर तीन टक्के आणि मार्च २०२१ पर्यंत दोन टक्के सूट दिली, आणि नोंदणी कार्यालयांत रांगा लागल्या. त्यातले काही व्यवहार पुढचे अलीकडे ओढलेले होते, हे मी मान्य करतो. पण दर बदलला की माणसाचे वागणे बदलते, एवढे त्यातून नक्की सिद्ध होते. केंद्राने २००५ च्या नागरी पुनरुत्थान अभियानात मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची अट राज्यांना घातली होती, ती उगाच नव्हे.

दुसरा आक्षेप असा की जमिनी घेणारे पैसेवाले असतात, त्यांनी भरले तर बिघडले कुठे? पैसेवाल्यावर कर बसलाच पाहिजे, पण या करातून तोच निसटतो. नगर-बीड रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ ला बीडपर्यंत आली आणि आपल्या तालुक्यातले रायमोहा रेल्वेच्या नकाशावर आले. आता ज्यांनी भाव वाढेपर्यंत प्लॉट मोकळे धरून ठेवले आहेत, ते काहीच विकत नाहीत. म्हणून या अधिभाराचा एक रुपयाही देत नाहीत. एका खोलीसाठी अर्धा गुंठा शोधणारा ऊसतोड कामगार मात्र देतो. नोंदणी फीचीही तीच तऱ्हा: एक टक्का, पण कमाल ३० हजार. दहा लाखांच्या घरावर पूर्ण एक टक्का, तीन कोटींच्या फ्लॅटवर एक दशांश टक्का.

बायकांच्या बाबतीत हा अन्याय आणखी खोल जातो, आणि त्यावर आपण फार कमी बोलतो. बहिणीने भावाला वडिलोपार्जित हिस्सा फुकट सोडून दिला तर हक्कसोडपत्राला ५०० रुपयांचा मुद्रांक पुरतो. तोच हिस्सा तिने रास्त किमतीला विकायचा म्हटला तर पूर्ण शुल्क, वर स्थानिक टक्का. २०२१ पासून महिलांना एक टक्का सवलत आहे, पण ती निवासी घरापुरती. शेत किंवा मोकळा प्लॉट घेणाऱ्या बाईला तिचा उपयोग नाही. कायदा तिला सोडायला स्वस्त आणि उभे राहायला महाग अशी वाट दाखवतो. त्या महाग वाटेवर आणखी टक्का चढवायला माझी संमती नाही.

उरतो तिसरा आक्षेप, आणि तो प्रामाणिक आहे. नगरपंचायतीने गटारे, पाणी, रस्ते करायचे कशातून? माझे उत्तर मालमत्ता करातून असे आहे. तो दरवर्षी येतो, त्याचा अंदाज बांधता येतो. दस्तांचा पैसा दुष्काळात आटतो, म्हणजे गरज असते तेव्हाच नसतो; शिवाय तो आधी राज्याच्या तिजोरीत जातो आणि अनुदान म्हणून परत यायला वाट पाहावी लागते. मालमत्ता कर थेट इथल्या खात्यात पडतो आणि भरणारा समोर उभा राहून हिशेब विचारू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या राजधानी प्रदेशाने, कॅनबेराने, २०१२ पासून वीस वर्षांत हस्तांतरण शुल्क शून्यावर आणून त्याची भरपाई वार्षिक मालमत्ता करातून करण्याचे ठरवले. घरपट्टी वाढवली की मते जातात, म्हणून पुढारी हा मार्ग टाळतात. ती अडचण पुढाऱ्यांची आहे. तिची किंमत खरेदीखतावर सही करणाऱ्याने का मोजावी?

म्हणून हा ठराव मी स्वतः सभेपुढे ठेवतो. शिरूर कासार तालुक्यात स्थावराच्या हस्तांतरणावर कोणताही नवा अधिभार लावू नये. नगरपंचायतीने हद्दीतल्या सगळ्या मिळकतींची, मोकळ्या प्लॉटसह, नव्याने मोजणी करून कर आकारणी करावी आणि राहत्या छोट्या घरांना त्यात सूट द्यावी. पाच एकरांखालच्या शेतकऱ्याच्या आणि हिस्सा विकणाऱ्या बहिणीच्या दस्तावरचा एक टक्का राज्याने माफ करावा. ज्यांचा विरोध असेल त्यांनी आत्ता इथे, माझ्यानंतर बोलावे. वेळ राखून ठेवला आहे. त्यानंतर मी हात वर करायला सांगेन.