डावीकडचं उजवीकडे

२२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोट्याहून 'चांद्रयान-१' झेपावलं. सुमारे दीड मीटर बाजूची चौकोनी पेटी, आणि सौरपंख मात्र एकाच बाजूला!

मी सांगलीत अभियांत्रिकीच्या मुलांना ड्रॉइंग शिकवतो. पुढं एका प्रदर्शनासाठी मुलांनी या यानाची छोटी प्रतिकृती करायचं ठरवलं. संगणकावर 'कॅड'मध्ये त्रिमिती आकृती झाली. पुढून, वरून, डावीकडून असे तिन्ही व्ह्यू क्षणात निघाले. पेटीचं ड्रॉइंग साताऱ्याच्या एका वर्कशॉपला धाडलं. पेटी आली, पण पंख बसवायची भोकं नेमकी विरुद्ध बाजूला!

चूक कुणाची? आपल्याकडं 'फर्स्ट अँगल' पद्धत चालते. तिच्यात डावीकडून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या उजवीकडं काढतात. अमेरिकेतल्या 'थर्ड अँगल'मध्ये ते डावीकडंच येतं. कारागीर परदेशी ड्रॉइंगवर काम करणारा. उजवीकडं काढलेली ती उजवी बाजू, असं त्यानं वाचलं. भोकं दाखवणाऱ्या तुटक रेषा आम्ही गर्दी नको म्हणून समोरच्या दृश्यातून काढल्या होत्या. पद्धत सांगणारं छाटलेल्या शंकूचं चिन्हही कागदावर नव्हतं. आणि तपासून खाली सही माझी!

पत्र्याचे पैसे मी भरले. पूर्वी बोर्डावर टी-स्क्वेअरनं एकेक रेषा ओढताना कुठली बाजू काढतोय, हे हातालाच कळायचं. आता ते काम संगणक करतो, आणि बिनचूक करतो. पण आपण कुठून पाहिलं, हे वाचणाऱ्याला माणसानंच सांगायला हवं. आमच्या वर्गात आता आधी शंकू काढायचा, मग यान.