आजी गप्प का बसल्या आहेत?



नर्सिंगच्या अभ्यासक्रमात वार्धक्याच्या सिद्धान्तांचं एक प्रकरण असतं. विद्यार्थी ते परीक्षेपुरतं पाठ करतात आणि कामाला लागले की विसरतात. पण ते सिद्धान्त कुठे गेलेले नसतात. आम्ही रोज ज्या नोंदी करतो, जे फॉर्म भरतो, त्यांत ते मुरलेले असतात. तुमच्या आईवडिलांच्या फाइलमध्ये काय लिहिलं जाईल हे बऱ्याच अंशी तेच ठरवतात. म्हणून आज हा विषय घेतला.

मी ऑन्टारियोतल्या लाँग-टर्म केअरमध्ये नर्स आहे. तिथल्या कुणा एकीची ओळख मी उघड करणार नाही; चौघी-पाचजणींची मिळून एक आजी तुमच्यापुढे उभी करते. वय 84, मूळ सांगलीकडच्या. सकाळी साडेदहाला हॉलमध्ये बिंगो सुरू होतो. मदतनीस (पीएसडब्ल्यू) मुलगी दारात येऊन प्रेमाने बोलावते, आजी मानेनेच नको म्हणतात. दुपारी पियानो वाजवणारे येतात, तेव्हाही नको. खिडकीकडे तोंड करून त्या बसलेल्या असतात आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सावकाश फिरत असतो. संध्याकाळी नोंद होते: कार्यक्रमांत सहभाग नाही, एकट्या बसून असतात.

नोंद खरी आहे. मात्र तिच्यामागे रॉबर्ट हॅविगहर्स्ट उभे आहेत. शिकागो विद्यापीठातल्या या अभ्यासकाने 1950 च्या दशकात मांडलं की म्हातारपणी माणूस जितका कामात आणि लोकांत राहील, तितका तो समाधानी असतो. हा क्रियाशीलतेचा सिद्धान्त. आमच्याकडे वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या आरएआय-एमडीएस मूल्यमापनात सामाजिक सहभागाचा 0 ते 6 असा निर्देशांक निघतो. इतरांत मिसळताना व्यक्ती सहज असते का, गटातल्या कार्यक्रमाचं आमंत्रण स्वीकारते का, संस्थेच्या जीवनात भाग घेते का, अशा गोष्टींचे गुण मिळतात. आजींना इथे जेमतेम एक-दोन गुण मिळणार. नैराश्य तपासण्याची 15 प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. बाहेर जाऊन नवं काही करण्यापेक्षा घरी राहणं पसंत करता का, पूर्वीचे बरेच उद्योग सोडून दिलेत का, असे प्रश्न तिच्यात आहेत. संसार सुनेच्या हाती सोपवून देवाचं नाव घेत बसलेली आपली कोणतीही आजी दोन्हींना हो म्हणेल आणि तिच्या खात्यात नैराश्याचे दोन गुण जमा होतील.

याच्या अगदी उलट मांडणी 1961 मध्ये एलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी 'ग्रोइंग ओल्ड' या पुस्तकात केली.  कॅन्सस सिटीतल्या माणसांच्या पाहणीवरून दोघांनी म्हटलं, की वय होतं तसा माणूस समाजातून मागे सरतो, समाजही त्याला सोडतो, आणि हे दोघांच्याही हिताचं असतं. पुढे यावर कडाडून टीका झाली. ती मला पटते, कारण म्हाताऱ्यांना कोपऱ्यात बसवून ठेवायला यासारखी सोयीची सबब नाही.

आपल्याला हे ऐकून वानप्रस्थ आठवतो. पण वानप्रस्थात माणूस किल्ल्या स्वतःच्या हाताने देतो. इथे कॅनडात आलेल्या आपल्या आईवडिलांचं काय होतं? डिसेंबरात टोरांटोला पाचच्या आत सूर्य मावळतो, फुटपाथवर बर्फ, बस अर्ध्या तासाने, गाडीचं लायसन्स नाही, इंग्रजीत दोन वाक्यांपुढे जाता येत नाही. स्पॉन्सर करून आणलं असेल तर क्युबेकबाहेर मुलाने 20 वर्षं सांभाळण्याचं हमीपत्र दिलेलं असतं. वृद्धांचं सरकारी पेन्शन मिळायला किमान 10 वर्षांचा इथला रहिवास लागतो. 2011 च्या डिसेंबरपासून आईवडिलांना दीर्घकाळ राहू देणारा सुपर व्हिसा आला. त्यावर येणारे तर कायम पाहुणेच. अशी आजी घरात बसली तर ती विरक्त झाली म्हणायचं की अडकली? आणि त्याच घरात ती चौघांचा स्वयंपाक करते, दोन नातवंडं सांभाळते. क्रियाशीलतेच्या सिद्धान्ताप्रमाणे तिला पैकीच्या पैकी गुण! हे सगळं तिला हवं होतं का, हे विचारणारा रकाना तिथेही नसतो.

माझ्या कामात मला सर्वांत उपयोगी पडलेले दोन सिद्धान्त 1989 चे आहेत. रॉबर्ट अ‍ॅचली यांचा सातत्याचा सिद्धान्त सांगतो, की माणूस आयुष्यभर जसा जगला त्याच धाग्याने म्हातारपण विणत असतो. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले लार्स टोर्नस्टाम यांनी त्याच वर्षी सांगितलं, की उतारवयात काहींची जगाकडे पाहण्याची रीतच बदलते. वरवरच्या गप्पा नकोशा होतात, एकांत हवासा वाटतो, गेलेली माणसं जवळची वाटतात, काळाच्या भिंती पुसट होतात, मरणाची भीती कमी होते. हा आजार नव्हे, वाढ आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यावर बार्ब्रो वाडेनस्टेन या स्वीडिश नर्सने प्रत्यक्ष काळजी कशी घ्यावी याची सूत्रं तयार केली: एकट्या बसलेल्या माणसाला उठवून कार्यक्रमाला नेण्याचा आग्रह धरू नये, जुन्या काळाबद्दल बोलू लागला तर वर्तमानात ओढू नये. एरिक एरिक्सन यांनी आयुष्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यांतली शेवटची म्हातारपणाची, हे अनेकांना माहीत आहे. त्यांच्या पत्नी जोन मूळच्या ऑन्टारियोच्या. एरिक गेल्यानंतर, स्वतः नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी नववी पायरी लिहिली. ती 1997 मध्ये छापून आली. ऐंशी-नव्वदीतल्या अनुभवाला आठवी पायरी पुरी पडत नाही, हे त्या वयाला पोचलेल्या बाईने सांगितलं, याचं मला मोल वाटतं.

म्हणजे आजींचा अंगठा पेरांवर फिरतो आहे, त्या जप करत आहेत, गेली साठ वर्षं करत आल्या आहेत, तेव्हा त्यांना बसू द्यावं. बरोबर. पण मला सर्वांत जास्त भीती याच टप्प्यावर वाटते.

कारण एके दिवशी तो अंगठा थांबतो. आजी तशाच खिडकीकडे तोंड करून बसलेल्या, चहा अर्धा राहिलेला. मराठी संस्कृतीचं थोडं वाचलेली सहृदय नर्स दारातून पाहते आणि जप चालला आहे असं समजून पुढे जाते. मी आत जाऊन म्हटलं, "आजी, वार उलटे म्हणा बघू. रविवार, शनिवार..." त्या "शुक्रवार" म्हणाल्या, मग माझ्याकडे पाहत राहिल्या, मग डोळे मिटले. आदल्या दिवशी त्यांनी सातही वार म्हटले असते. याला डिलिरियम म्हणतात, आणि हा गप्प करणारा डिलिरियम हमखास निसटतो. शॅरन इनोये यांनी 1990 मध्ये दिलेली तपासणी पद्धत साधी आहे: बदल अचानक झाला का, कमी-जास्त होतो का, लक्ष टिकतं का, आणि त्याबरोबर बोलणं विस्कळीत किंवा भान मंद झालं आहे का. आजींच्या अंगात पाणी कमी पडलं होतं, चार दिवस पोट साफ नव्हतं. शिवाय खाज येते म्हणून घरच्यांनी जुन्या पद्धतीची अ‍ॅलर्जीची गोळी आणून दिली होती. तशा गोळ्या वृद्धांना देऊ नयेत, असं बीअर्स निकष, म्हणजे वृद्धांसाठी टाळायच्या औषधांची यादी, सांगतात.

जैविक सिद्धान्त इथे कामाला येतात. पेशींच्या विभाजनाला मर्यादा असते हे लेनर्ड हेफ्लिक यांनी 1961 मध्ये दाखवलं, त्याची आठवण मला ड्युटीवर होत नाही. वयाबरोबर तहान कमी लागते आणि जंतुसंसर्गात ताप येईलच असं नाही, याची मात्र रोज होते. कॅरल मिलर या नर्सने 1990 मध्ये मांडलं, की वयाचे बदल आपण थांबवू शकत नाही, पण त्यांच्यावर येऊन पडणारे धोके काढू शकतो. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. डोळा बदलता येत नाही, पण संडासाच्या वाटेवर दिवा लावता येतो.

हे सगळं पाहायला वेळ किती? 2020 मध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत कॅनडातल्या मृत्यूंपैकी 80 टक्क्यांहून अधिक मृत्यू अशा केअर होम्स आणि रिटायरमेंट होम्समध्ये झाले, मदतीला लष्कर बोलवावं लागलं. त्यानंतर ऑन्टारियोच्या 2021 च्या कायद्याने दररोज सरासरी चार तास प्रत्यक्ष काळजीचं लक्ष्य ठरवलं. चोवीसांतले चार, त्यात आंघोळ, जेवण, औषधं आलीच. उरलेल्या क्षणांत कर्मचारी आजींकडे कोणत्या समजुतीने पाहतो, यावर फार अवलंबून आहे. शिवाय डिमेन्शियात मागाहून शिकलेली इंग्रजी बहुधा आधी जाते, म्हणून आपल्या भाषेतली, आपल्या माणसांतली काळजी हवी. चिनी समाजाने डॉ. जोझेफ वाँग यांच्या पुढाकाराने 1994 मध्ये स्कारबरोत यी हाँग सुरू केलं, ज्यू समाजाने 1918 मध्येच टोरांटोत वृद्धांसाठी घर उभारलं, तेच आजचं बेक्रेस्ट. आपण संख्येने थोडे आहोत, पण आजपासून एवढं तरी करता येईल.

केअर होममध्ये दाखल झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत घरच्यांबरोबर केअर कॉन्फरन्स होते. तिथे बहुतेक मुलं औषधं आणि जेवण विचारून उठतात. तुम्ही आईची दिनचर्या सांगा. ती जप केव्हा करते आणि करताना कशी दिसते ते सांगा. कोणाचा फोन आला की तिचा चेहरा खुलतो ते सांगा. जप करणाऱ्या आजीचा खुलतो, नैराश्यातल्या आजीचा बहुधा खुलत नाही. कोणती गोष्ट तिने आपणहून सोडली आणि कोणती सुटली, हे वेगवेगळं सांगा आणि केअर प्लॅनमध्ये लिहून घ्यायला लावा. पाणी, दुखतंय, संडासला जायचंय, हे शब्द रोमन लिपीत लिहून पलंगाशेजारी चिकटवा. वारांची तपासणी मराठीतून कशी घ्यायची ते नर्सला एकदा करून दाखवा. आणि येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन या, भारतातून आणलेल्याही.