पाणी पिऊन घ्या
(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'मनाली ते लेह, मोटरसायकलवरून' हा विषय दिलाय. २०२२ च्या ऑगस्टमधले माझे फोटो बघून तुम्ही सगळ्यांनी मिळून दोनच प्रश्न विचारलेत. घरचे हो म्हणाले का? आणि गाडी पडली तर उचलता येते का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. येते. माझी उंची पाच फूट दोन इंच आणि हिमालयन गाडीचं वजन पेट्रोलसकट जवळजवळ दोनशे किलो. गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची दांडी धरायची आणि पायांच्या जोरावर मागे सरकत उठायचं. कंबर वाकवून उचलायला गेलात तर कंबरच जाते. पहिल्या दिवशी मी दोनदा पडले, दोन्ही वेळा गाडी उभी असताना. म्हणजे सराव झाला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, सासूबाईंनी लाडवांचा डबा दिला. पण हा प्रश्न जुना आहे. १९१६ साली ऑगस्टा आणि अ‍ॅडेलिन व्हॅन ब्यूरन या दोघी बहिणी न्यूयॉर्कहून मोटरसायकलवर निघाल्या आणि अख्खी अमेरिका ओलांडून गेल्या. वाटेत पोलिसांनी त्यांना पकडलं. गुन्हा काय, तर पुरुषांसारखे कपडे घातले! गाडी चालवणं त्यांना जमत होतंच, त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. माझंही तसंच झालं, ते सांगते.

आम्ही चौघी होतो, चौघींच्या चार गाड्या. मनाली सोडली की अटल बोगदा लागतो, नऊ किलोमीटरचा. २०२० मध्ये तो सुरू झाला, त्याआधी रोहतांग खिंड चढून जावं लागायचं. पुढे चंद्रा आणि भागा नद्यांच्या संगमावर तांडी. तिथल्या पेट्रोल पंपावरची पाटी प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. मी इंजिनियर, हिशोब लगेच मांडला. टाकी १५ लिटरची, लिटरला ३० किलोमीटर धरले तर ४५० होतात. पण चढावर गाडी जास्त पिते, म्हणून पाच लिटरचा कॅन बरोबर घेतला. पेट्रोलचा हिशोब चोख होता. पाण्याचा मात्र केलाच नव्हता.

त्या रस्त्यावर पुरुष कुठेही थांबतात. बायका कुठे थांबणार? जिस्पाच्या पुढे झाडंसुद्धा संपतात, आडोशाला झुडूप नाही. एकमेकींशी न बोलता आम्ही चौघींनी एकच उपाय केला. पाणी पिणं बंद.

बारालाचा खिंडीच्या अलीकडे झिंगझिंगबार नावाची जागा आहे. तिथे पोचेपर्यंत माझं डोकं फुटायला आलं होतं. मग उलटी झाली. हे विरळ हवेमुळे की पाणी कमी पडल्यामुळे, ओळखता येईना. 'थोडंच राहिलंय, सरचूला झोपू,' असं मी म्हणत होते. आमच्यातली एक आधी दोनदा जाऊन आलेली. ती म्हणाली, "सरचू चार हजार मीटरच्या वर आहे. तिथे रात्री त्रास वाढला तर खाली उतरायला आधी खिंडच चढावी लागेल. परत फिरायचं." मी चिडले, रडलेसुद्धा. माझ्यामुळे तिघींचे दोन दिवस जाणार होते. पण तिघीही वळल्या.

जिस्पाला घरमालकिणीने कोमट पाण्याचा थर्मास पुढ्यात ठेवला आणि संपेपर्यंत हलली नाही. दोन रात्रींनी पुन्हा निघालो, पण नवीन नियम करून. दर तासाला पाणी प्यायचं, आणि जिला थांबायचं तिने लाजायचं नाही, दोघींनी रेनकोट धरून आडोसा करायचा. टांगलांग खिंडीत, ५,३०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा असतो. तिथे मी धडधाकट उभी होते. लेहला चौघी बरोबर पोचलो.

जिस्पाला पडल्या पडल्या मी विचार करत होते, पाणी न पिण्याची ही सवय मला लागली कुठे? मैत्रिणींनो, तुम्हाला माहीतच आहे. इथेच लागली. अकरा ते पाच शाळा, मुलींसाठी एकच संडास, त्याची कडी तुटलेली आणि नळ कोरडा. आपल्या बाटल्या संध्याकाळी भरलेल्याच घरी जायच्या. गणिताच्या बाई मधल्या सुट्टीत आपल्याला शेजारच्या त्यांच्या घरी न्यायच्या, कधी कुणाला बोलल्या नाहीत. बाई, आज तुम्ही समोर बसलाय. आभार मानायला एकोणतीस वर्षं लागली, माफ करा.

मुलग्यांना हे बहुतेक आजच कळत असेल. तुमचा दोष नाही, आम्ही कधी सांगितलंच नाही.

गेल्या महिन्यात शाळेत जाऊन आले. आता मुलींसाठी चार संडास आहेत, पण टाकी लहान, दुपारपर्यंत पाणी संपतं. नववीतल्या मुलींना विचारलं, डबा खाल्ल्यावर पाणी का पीत नाही? त्या एकमेकींकडे बघून हसल्या. ते हसू मी ओळखलं.

आपल्या तुकडीने जमवलेल्या निधीतून प्रवेशद्वाराला कमान बांधावी अशी सूचना आहे. कमान छान दिसेल, माझा विरोध नाही. पण आधी मोठी टाकी, धड कड्या, झाकणाची कचरापेटी आणि रोजच्या सफाईला एका बाईंचा वर्षभराचा पगार, एवढं करूया. उरलेल्या पैशात कमान. त्यावर आपलं नाव नसलं तरी चालेल.

दुपारच्या बैठकीत हा विषय मांडणार आहे. तोवर जेवण आहे. पाणी पिऊन घ्या.