कनूचा जन्मदाखला

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, या सॉफ्टवेअरवाल्याला मध्येच होडी कुठून आठवली? तर मी सध्या राहतो बॉस्टनजवळ. इथे जुन्या घरांच्या गॅरेजमध्ये कधीकधी छताला एक लाकडी कनू टांगलेली दिसते. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्याने चालवायची हलकी होडी. ती कोणी बनवली, कधी बनवली, हे कसं ओळखायचं ते आज बघू. आणि घाईत पॉलिश पेपर मारला तर हे उत्तर कायमचं कसं पुसलं जातं, तेही.

आधी थोडी पार्श्वभूमी. इथली मूळ कनू भूर्जाच्या सालीची. मेन राज्यातले पेनॉबस्कॉट आणि इतर वाबानाकी लोक आधी साल मांडायचे, मग आतून बरगड्या बसवायचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारागिरांनी हा क्रम उलटा केला. लाकडी साच्यावर वाफवलेल्या बरगड्या वाकवायच्या, त्यांवर सीडरच्या पातळ फळ्या बारीक पितळी खिळ्यांनी ठोकायच्या, आणि बाहेरून कॅनव्हास ताणून रंगवायचा. साच्यामुळे एकासारख्या एक होड्या निघू लागल्या, कारखाने उभे राहिले आणि नंबर आले.

आता तपास. मोबाइलचा टॉर्च काढा आणि होडीच्या आत, अगदी टोकाला, तळाशी असलेलं बाकदार लाकूड बघा. प्रकाश समोरून नाही, आडवा पाडा. वॉर्निशखाली दबलेले आकडे सावलीमुळे उठून दिसतात. मळ असेल तर साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. पॉलिश पेपर अजिबात नाही!

मेनमधल्या ओल्ड टाउन कंपनीच्या कनूवर सीरियल नंबर आणि त्यापुढे फुटांमध्ये लांबी ठोकलेली असते. म्हणजे शेवटी १६ असेल, तर टेप लावून बघा, होडी साधारण १६ फूट भरायला हवी. आपल्या भाषेत हा चेकसम झाला. शिवाय तोच नंबर दोन्ही टोकांना असतो, म्हणजे बॅकअपसुद्धा! एका टोकाला ३ की ८ कळत नसेल, तर दुसरं टोक बघायचं.

खरी मजा पुढे आहे. या कंपनीने प्रत्येक होडीची नोंद ठेवली होती: मॉडेल, दर्जा, कोणतं लाकूड, रंग, कधी आणि कुठे पाठवली. वुडन कनू हेरिटेज असोसिएशन या संस्थेच्या मदतीने त्या नोंदी स्कॅन झाल्यात. पण नंबर जुळला म्हणून लगेच उड्या मारायच्या नाहीत. केनेबेक नावाच्या दुसऱ्या कंपनीचेही नंबर आहेत आणि तोच आकडा दोन्हीकडे सापडू शकतो. नोंदीतलं वर्णन आणि समोरची होडी, दोन्ही जुळलं तरच उत्तर पक्कं.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. मॉरिस कंपनीचा कारखाना जळाला, नोंदीही गेल्या. तिथे वरच्या कडेवरची छोटी पितळी पट्टी, टोकावरच्या लाकडाचा आकार, अशा खुणांवरून अंदाज बांधावा लागतो. बाकी खुणाही बोलतात. अधिकच्या चिन्हाची खाच असलेला फिलिप्स स्क्रू दिसला, तर तो १९३० च्या दशकाच्या आधीचा नाही. बारा अक्षर-आकड्यांचा हल नंबर असेल, तर होडी नोव्हेंबर १९७२ नंतरची. बाहेर फायबरग्लास असेल तर फसू नका, कॅनव्हास काढून तो नंतर चढवलेला असू शकतो.

आता यात जीव कशाला अडकवायचा? सांगतो. माझे घरमालक पंचाहत्तरीचे. त्यांच्या गॅरेजमध्ये अशी एक कनू होती, घर विकायचं होतं, म्हणून आतून घासून चकाचक करायचा बेत होता. "माझ्या वडिलांनी स्वतःच्या हाताने बनवलीय," असं ते सगळ्यांना सांगायचे. आम्ही टॉर्च मारला, नंबर निघाला. ओल्ड टाउनची नोंदही सापडली: १७ फूट, 'सीएस' म्हणजे कॉमन सेन्स दर्जा, स्प्रूसच्या कडा. सगळं जुळलं. पण साल १९२० च्या दशकातलं. तेव्हा त्यांचे वडील जेमतेम आठ-नऊ वर्षांचे.

ते गप्प झाले. मलाही काय बोलावं सुचेना. मग आम्ही परत होडीत डोकावलो. मधल्या पाच बरगड्या बाकीच्यांपेक्षा फिकट होत्या, खिळे जरा वाकडेतिकडे ठोकलेले, आणि बैठकीला फिलिप्स स्क्रू. कारखान्याचं काम असं नसतं. कोणीतरी घरी, नंतर, हाताने केलेलं. ते त्या बरगड्यांवरून हात फिरवत म्हणाले, "तरीच. मी लहान असताना किटलीच्या वाफेवर लाकूड वाकवताना बघितलंय त्यांना."

म्हणजे "कोणी बनवली?" याची उत्तरं दोन निघाली. एक नंबरने दिलं, दुसरं वाकड्या खिळ्यांनी. पॉलिश पेपर फिरला असता, तर नंबर गेला असता, आणि सगळं लाकूड एका रंगाचं झाल्यावर त्या पाच बरगड्याही ओळखू आल्या नसत्या. घासायचा बेत रद्द झाला. नोंदीची प्रिंट आता होडीसोबतच असते, आणि तिच्या मागे त्यांनी स्वतःच्या अक्षरात वडिलांचं नाव लिहिलंय.

तुमच्याकडेही एखादी जुनी वस्तू असेल, होडी, पेटी, शिलाई मशीन, काहीही, तर साफ करायच्या आधी आडव्या उजेडात तिचे फोटो काढून ठेवा. काय सापडलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!