रुग्णशय्येवरील नळी आणि औषधास न जुमानणारी बुरशी



ज्याच्या घरचे माणूस अतिदक्षता विभागात काही दिवस पडून आहे, त्याच्या हाती कधी एक कागद येतो. लघवीच्या तपासणीत ‘कॅन्डिडा’ नामक बुरशी आढळल्याचे त्यावर नमूद असते, आणि तो वाचून भयभीत झालेला नातेवाईक डॉक्टरांना एवढेच विचारतो, की औषध केव्हा सुरू करणार? मला आज प्रतिपादन करावयाचे आहे ते हे, की अशा प्रसंगी पहिला विचार औषधाचा नव्हे, तर लघवीच्या नळीचा व्हावयास हवा.

ही नळी, म्हणजे मूत्राशयात फुग्याच्या योगाने अडकून राहणारा फोली कॅथेटर, मोठ्या उपकाराची वस्तू आहे; मूत्र तुंबले असता किंवा अत्यवस्थ रुग्णाच्या लघवीचे तासातासाचे मोजमाप हवे असता त्याच्यावाचून गत्यंतर नाही. परंतु वाहत्या धारेबरोबर जंतू धुऊन जाण्याची जी निसर्गाची तजवीज, ती नळीमुळे खंडित होते. त्यातच प्रबळ प्रतिजैविकांनी शरीरातील सौम्य जिवाणूंचा संहार झालेला असतो आणि रुग्ण मधुमेही असेल तर लघवीत साखरही उतरलेली असते. अशा वेळी एरवी आपल्या आतड्यांत व त्वचेवर निरुपद्रवीपणे वस्ती करून असणारी ही बुरशी नळीच्या पृष्ठभागावर ठाण मांडते, तंतू काढते आणि स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्याचा थर आपल्याभोवती उभारते. तटाआड बसलेल्या शिबंदीप्रमाणे त्या थरातील पेशी औषधाच्या माऱ्यातूनही पुष्कळ अंशी बचावतात.

या संबंधात 2000 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार उद्बोधक वाटतो. लघवीत कॅन्डिडा असलेल्या, परंतु विशेष तक्रार नसलेल्या 316 रुग्णांपैकी काहींना चौदा दिवस फ्लुकोनॅझोल हे बुरशीनाशक औषध आणि इतरांना निरौषध गोळी देण्यात आली. मुदतीअखेर पहिल्या गटात सुमारे 50 टक्क्यांची, तर दुसऱ्यात 29 टक्क्यांची लघवी निर्मळ झाली. मात्र आणखी दोन आठवड्यांनी पाहता दोन्ही गटांत बुरशीचे प्रमाण सारखेच होते! एवढ्या अल्पजीवी लाभासाठी आपण जे औषध खर्ची घालतो, ते आपल्या जवळच्या अत्यल्प शस्त्रांपैकी एक आहे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

शस्त्रे अत्यल्प का, तर बुरशीची पेशी रचनेने आपल्या पेशीची निकटची आप्त असल्याने तिला मारून आपणास वाचवील असे द्रव्य दुर्मिळ. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये शोधलेले हॅमायसिन हा या क्षेत्रातील आपला अभिमानाचा वाटा. पण मूत्रमार्गाच्या विकारात मुख्य भिस्त फ्लुकोनॅझोलवरच, कारण ते बव्हंशी मूळ रूपातच लघवीत उतरते. कॅस्पोफंजिनसारखी नवी औषधे रक्तात प्रभावी असूनही लघवीत पुरेशी पोहोचत नाहीत, आणि अ‍ॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडांनाच इजा करते. इकडे कॅन्डिडाची क्रुसेई ही जात फ्लुकोनॅझोलला उपजतच दाद देत नाही. ग्लॅब्राटा आत आलेले औषध बाहेर फेकणारे पंप वाढविते. आणि 2009 साली जपानात एका रुग्णाच्या कानातून प्रथम वर्णिलेली ऑरिस, जिचे भारतात सापडणारे बहुतेक वाण फ्लुकोनॅझोलला प्रतिरोधक आहेत, ती जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या यादीत सर्वोच्च धोक्याच्या वर्गात बसली आहे.

याचा अर्थ बुरशीकडे सरसकट कानाडोळा करावा असा नव्हे. ज्यांच्या पांढऱ्या पेशी घटल्या आहेत, अत्यंत कमी वजनाची नवजात बालके, मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हावयाची असलेले रुग्ण, आणि ज्यांना ताप, कुशीत वेदना वा मूत्रमार्गात अडथळा आहे, अशांच्या बाबतीत बुरशीची जात व औषधांचा प्रभाव तपासून इलाज तातडीनेच व्हावा.

इतरांच्या बाबतीत मात्र नळी घालण्याचे कारण आज शिल्लक आहे काय, हे रोजच्या फेरीत विचारले जावे. कारण घालण्याचा हुकूम दप्तरी नोंदला जातो, काढण्याचा पुष्कळदा कोणाच्याच ध्यानी राहत नाही. ज्या रुग्णालयांनी ठरलेले निकष पाहून डॉक्टरांच्या नव्या हुकुमाची वाट न बघता नळी काढण्याचा अधिकार परिचारिकांकडे सोपविला, तेथे नळीचे दिवस घटले आणि नळीजन्य संसर्गही कमी झाले.