छायाचित्रांचे स्वतःचे घर

नागपूर आणि छिंदवाडा यांच्यामध्ये सौंसरवरून धावणारी अरुंद मापाची आगगाडी २०१५ साली बंद झाली व पुढे त्या मार्गावर रुंद मापाचे रूळ आले. प्रवासाची सोय वाढली, हे खरे. परंतु त्या लहानशा गाडीचे छायाचित्र आता कोणालाही नव्याने घेता येणार नाही. जी पूर्वी घेतली गेली, तेवढीच उरली आहेत. आणि तीही घरोघरच्या आल्बमांत व फोनांत विखुरलेली आहेत. पोळ्याची सजलेली बैलजोडी, संत्र्याचा बहर, लग्नातील पंगती यांच्या चित्रांचीही हीच अवस्था. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठी बोलणारा हा मुलूख मध्यप्रदेशात राहिला, आणि २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा स्वतःचा झाला. त्याच्या स्मृती मात्र बहुतांशी परक्या कंपन्यांच्या कोठारांत पडून आहेत.

त्या कोठारांचा भरवसा किती? एके काळी भारतात अतिशय लोकप्रिय असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. चित्रे उतरवून घेण्यास मुदत मिळाली होती. पण ज्यांना त्याची वार्ताच लागली नाही, त्यांचा ठेवा गेला. मायस्पेस या कंपनीने २०१९ साली कबूल केले की, सामग्री एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलविताना अनेक वर्षांची चित्रे व गाणी नष्ट झाली. गुगलने छायाचित्रांसाठी दिलेली अमर्याद विनामूल्य जागा १ जून २०२१ पासून थांबविली. यात कपट शोधण्याचे कारण नाही. जागा दुसऱ्याची असली म्हणजे तिचे नियमही दुसऱ्याचेच असतात.

यावर उपाय म्हणजे आपल्या मालकीच्या यंत्रावर चित्रांचे संकेतस्थळ उभारणे. सर्व्हर म्हणजे मागणी येताच माहिती पुरविणारा, अहोरात्र चालू राहणारा संगणक; अडगळीत पडलेला जुना संगणकही या कामी पुरतो. त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसवावी आणि चित्रे मांडण्यासाठी पिविगोसारखी आज्ञावली घ्यावी. फ्रान्समधील पियेरिक ल गॉल यांनी २००२ साली आरंभिलेली ही आज्ञावली कोणालाही फुकट वापरता येते. एक चित्र सरासरी ४ मेगाबाइटचे धरले, तर २०,००० चित्रांना सुमारे ८० गिगाबाइट जागा लागते. म्हणजे साध्या तबकडीचा एक कोपरा पुरे. त्यानंतर संकेतस्थळासाठी नाव नोंदवावे लागते. त्याचे शुल्क दरवर्षी भरावे लागते. जाता-येता चित्रे कोणी मध्येच वाचू नयेत म्हणून लागणारे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था विनामूल्य देते.

खरी अडचण दारातच उभी राहते. घरगुती इंटरनेट पुरविणाऱ्या अनेक कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. पोस्टमनला वाड्याचा पत्ता मिळावा, पण खोलीचा क्रमांक मिळू नये, तसा हा प्रकार. बाहेरच्या पाहुण्याला घरातील सर्व्हर मग सापडत नाही. अशा वेळी कंपनीकडून पैसे देऊन स्वतंत्र कायम पत्ता घ्यावा, किंवा अन्यत्र लहानसा सर्व्हर भाड्याने घ्यावा. भाड्याचा सर्व्हर घेतला, तरी मूळ चित्रांची प्रत घरी असलीच पाहिजे.

मालकीबरोबर जबाबदारीही येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीत गोटमार होते. पात्रात रोवलेल्या पळसाच्या झाडासाठी दोन्ही काठांवरून दगड चालतात आणि माणसे रक्तबंबाळ होतात. त्या जखमी चेहऱ्यांची चित्रे संबंधितांना न विचारता जगापुढे मांडावीत काय? कुटुंबातील मुलांच्या चित्रांबाबतही हाच विचार हवा. फोनने काढलेल्या चित्रात पुष्कळदा ते कोठे काढले त्या स्थळाचा अचूक निर्देश दडलेला असतो. तो प्रसिद्धीपूर्वी काढून टाकणे इष्ट. कोणते दालन सर्वांसाठी खुले व कोणते केवळ आप्तांसाठी, हे पिविगोत ठरविता येते.

आणखी दोन कामे चुकवून चालणार नाही. पहिले नोंदीचे. चित्रात कोण, गाव कोणते, साल कोणते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवावे. ती माणसे गेल्यावर तो चेहरा कोणाचा, हे कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने संग्रहालयांसाठी तयार केलेल्या ‘जतन’ या प्रणालीतही वस्तूच्या चित्राबरोबर तिच्या नोंदीला स्थान आहे, ते याचसाठी. दुसरे काम प्रतींचे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम असा : प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक परगावी असावी. पांढुर्ण्याच्या घरात वीज पडून सर्व्हर जळाला, तरी सौंसरच्या किंवा नागपूरच्या नातलगाकडील प्रत शाबूत राहील.

घर बांधून झाले की काम संपत नाही. त्याची झाडलोट सुरू होते. आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करणे, कुलूपशब्द बळकट ठेवणे, प्रती उघडून तपासणे, ही ती झाडलोट होय. एकट्याला ती जड वाटेल. पण दोन-चार कुटुंबांनी किंवा गावच्या वाचनालयाने मिळून हा भार उचलला, तर तो पेलण्याजोगा आहे. अरुंद रुळांवरील त्या गाडीचे चित्र पाहू इच्छिणाऱ्या उद्याच्या मुलाला मग कोणा कंपनीची मर्जी सांभाळावी लागणार नाही.