कालवांची शेती कुणाच्या पाण्यात?

(जयसिंगपूरच्या कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलंय, थोडं आटोपतं केलंय.)



बायांनो, भावांनो, शाहूवाडी-राधानगरीच्या डोंगरातून आलेल्या मंडळींनो,

कालवांवर बोला असं सांगितलं तेव्हा आम्हीच विचारलं, जयसिंगपुरात? इथं चारी बाजूला ऊस, समुद्र घाटाच्या पार खाली. पण तुमचा जंगलावरचा दावा आणि आमचा खाडीवरचा दावा एकाच कायद्यात बसतो. म्हणून बोलतो.

आम्ही रायगडचे कातकरी. वाडी खाडीच्या काठाला. घरं आमची, घराखालची जागा मालकाची. सातबाऱ्यावर आमचं नाव नाही. दिवाळी झाली की मुकादम येतो, उचल देतो आणि अर्धी वाडी वीटभट्टीवर जाते. ती पावसाच्या तोंडाला परत येते. मागं राहतात म्हाताऱ्या आणि लहान पोरं. त्यांना कोण जगवतं? खाडी. निवट्या, चिंबोऱ्या, खुबे आणि कालवं.

कालव म्हणजे खडकाला चिकटलेला शिंपला. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी लांब जाते, खडक उघडे पडतात, तेव्हा बाया लोखंडी टोकदार हत्यार घेऊन जातात. वरचं कवच फोडायचं, आतला गर काढायचा. हात कापतात, पाय कापतात. पाणी परत चढायच्या आत जेवढं निघेल तेवढं, आणि बाजारात वाट्यावर विकायचं. किंमत गिऱ्हाईक ठरवतं.

आता याचीच शेती करतात. आम्ही सहा जण सिंधुदुर्गात बघून आलो. देवगड-वेंगुर्ल्याच्या खाड्यांमध्ये बायांच्या बचत गटांनी कालवं आणि शिणाणे वाढवले. तिथं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने किनाऱ्याचा प्रकल्प चालला, त्यातून हे काम उभं राहिलं. मुळात आपल्या देशात ही रीत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तुतिकोरीनला १९७० च्या दशकात बसवली. पुढे केरळात अष्टमुडीच्या खाडीत गावातले गट ती करू लागले.

रीत अवघड नाही. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं, मग कुठंतरी कडक जागा बघून चिकटतं. एकदा चिकटलं की जन्मभर तिथंच. म्हणून रिकाम्या शिंपांना भोकं पाडायची, नायलॉनच्या दोरीत वीतभर अंतराने ओवायच्या आणि बांबूच्या मांडवाला खाडीत टांगायच्या. पिल्लं येऊन त्या शिंपांवर बसतात. खत नाही, खाद्य नाही. पाटगावकडचे लोक मधाच्या पेट्या ठेवतात, पण माशीला खायला बाहेर तरी जावं लागतं. कालव जागेवर बसून येणारं पाणी गाळतं आणि त्यातलं बारीक शेवाळ खातं. सात-आठ महिन्यांत काढायला येतं. मात्र शंभर किलो शिंपले काढले तर गर आठ-दहा किलोच निघतो, हे आधीच सांगून ठेवतो. कुणी लाखाचे आकडे सांगितले तर हा हिशेब मांडा.

दुसरी गोष्ट पावसाची. जून लागला की डोंगराचं पाणी खाडीत उतरतं, खारटपणा जातो, गाळ येतो. फार दिवस गोडं पाणी राहिलं तर कालव मरतं. म्हणून पावसाळा सरल्यावर दोऱ्या टांगायच्या आणि मे महिन्यात माल काढायचा. आता महिने मोजा. ज्या महिन्यांत आपली माणसं भट्टीवर, त्याच महिन्यांत हे पीक पाण्यात. वाडीत बैठक झाली तेव्हा एक म्हातारी म्हणाली, उचल घेतली तर दोऱ्या कोण बघेल, आणि उचल नाही घेतली तर मे महिन्यापर्यंत खायचं काय? ह्याचं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. सरकारची कांदळवन संवर्धन व उपजीविका योजना २०१७ पासून आहे. सामूहिक प्रकल्पाला ९० टक्के पैसे, एकट्याला ७५ टक्के. चांगलं आहे. पण त्यात बांबू येतो, दोरी येते, सात महिन्यांचा तांदूळ येत नाही.

तरी आम्ही अर्ज घेऊन गेलो. एका कार्यालयात सांगितलं, घरपट्टीची पावती आणा. जागा मालकाची, पावती कुठली? पुढच्या खेपेला विचारलं, खाडीतली ही जागा तुमची आहे कशावरून? आम्ही गप्प बसलो. घरी येताना वाटलं, गप्प बसायला नको होतं.

कारण कायदा काय सांगतो बघा. ६ ऑक्टोबर २००५ ला मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, त्यानंतर सरकारी जमिनीवरची तिवरं वनखात्याकडे राखीव वन म्हणून जाऊ लागली. म्हणजे आमच्या काठचा चिखल आता जंगल आहे. जंगल आहे तर २००६ चा वनहक्क कायदा तिथं चालला पाहिजे. त्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्क दिलेत, त्यात मासे आणि पाणवठ्यातलं इतर उत्पादन स्पष्ट लिहिलंय. नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरलाय. वाडीतल्या म्हाताऱ्यांना खाडीतला एकेक खडक नावानं माहीत आहे. याहून मोठा पुरावा कुठला आणायचा? योजनेसाठी जी सहव्यवस्थापन समिती बनते तिच्यात आम्ही बसूच, पण प्रकल्पाचे पैसे संपले की समिती थंड पडते. दावा मंजूर झाला तर पुढच्या साहेबाला जागा कुणाची हे विचारता येणार नाही.

आणखी एक, हे खास शिरोळकरांसाठी. कालव पाणी गाळतं म्हणजे पाण्यातली घाणही पोटात घेतं. खायच्या आधी ते दिवसभर स्वच्छ पाण्यात ठेवावं लागतं, पण कारखान्याचं रसायन तेवढ्यानं जात नाही. तुमची पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि पूर्वेला जाते, आमच्या खाडीत येत नाही. पण तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच तुम्ही डोळ्यांनी बघितलाय. मासा निदान पळायला बघतो, कालवाला तेही जमत नाही. म्हणून आम्ही दाव्यासोबत ग्रामसभेचा ठराव जोडतोय, की खाडीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याची तपासणी व्हावी आणि अहवाल वाडीला मिळावा.

यंदा आमच्या वाडीत दोन कुटुंबांनी उचल घेतली नाही. बाकीच्यांनी घेतली, त्यांना आम्ही नावं ठेवत नाही. त्या दोन घरांनी शिंपांना भोकं पाडून दोऱ्या ओवून ठेवल्यात, सध्या घराच्या आढ्याला टांगल्यात. दाव्याची पोच मिळाली की पहिला मांडव घालायचा ठरलंय.

तुमच्याकडे एकच मागणं. घरी गेल्यावर आपल्या सामूहिक दाव्याचा कागद काढा. हिरडा, मध, चराई लिहिली असेल. ओढ्यातले मासे आणि खेकडे लिहिलेत का बघा. नसतील तर पुढच्या ग्रामसभेत घाला. आमच्या दाव्याच्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्यात, जाताना एकेक घेऊन जा.